तिजानीचा वाटा

२१ सप्टेंबर, शनिवार

पोहोचलो एकदाचे. लाँचवर सलूहाला दोनदा उलटी झाली आणि मला एकदाही नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. उद्यापासून या बेटावर प्रत्येक जण मला सांगणार आहे की तुला समुद्रातलं ओ की ठो कळत नाही, आणि ते खरंही आहे. सलूहाच्या उलट्यांचं कारण वेगळं. तिला चौथा महिना लागलाय.

धक्क्यावर सासरे स्वतः गाढवाची गाडी घेऊन आले होते. खमीस त्यांचं नाव. माणूस उंच, वाळलेला, बोलणं मोजूनमापून. हात थरथरतात म्हणून लगाम त्यांनी माझ्याकडे दिला आणि गाढवाने माझी किंमत लगेच ओळखली. अर्धा रस्ता मी उतरून ढकलत आलो. सलूहा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पलीकडे स्फाक्स शहरातली माझ्या नोकरीची तेलगिरणी बंद पडल्यापासून ती अशी हसली नव्हती, त्यामुळे गाढवाला मी माफ केलं.

अकरा वर्षं कारकुनी केलेला मी मुन्सिफ आता घरजावई झालो. लाज वाटते, पण थोडीच. सलूहाचा भाऊ तिजानी दोन हिवाळ्यांपूर्वी समुद्रात गेला तो आलाच नाही, सासऱ्यांचे हात असे, मग त्यांचं मासळीचं कुंपण लावणार कोण? बाळंतपण स्फाक्सलाच करायचं, तोवर इथे राहायचं, असं आमचं ठरलंय. मी विषय काढला की सलूहा मान डोलावते.

सासूबाईंनी, मबरूका त्यांचं नाव, दारातच मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, बरं झालं आलात, आता घरात तीन पुरुष झाले. पोटातलाही धरला तर तीन होतात. मुलगाच होणार याची त्यांना खात्री दिसते. रात्री जवाच्या कुसकुसवर वाळवलेला ऑक्टोपस होता. मी तीनदा वाढून घेतलं.

२३ सप्टेंबर, सोमवार

आज कुंपण रोवायला सुरुवात झाली. अंगाचा एक सांधा दुखायचा राहिलेला नाही.

आधी सगळ्यांनी वाळूत उभं राहून फातिहा म्हटली, मग एका परातीत हात घालून जेवलो, मग खजुराच्या झावळ्या खांद्यावर घेऊन पाण्यात. इथला समुद्र विचित्र आहे. चारशे पावलं आत गेलं तरी पाणी कमरेच्या वर जात नाही. झावळ्या शेजारी शेजारी तळात खोचत किनाऱ्यापासून आत एक लांब भिंत न्यायची. तिला म्हणतात पाय. तिच्या टोकाला झावळ्यांचंच गोल आवार करायचं, ते घर. ओहोटीबरोबर परतणारा मासा भिंतीला आपटत नाही, ती ओलांडतही नाही. तिच्या कडेकडेने चालत राहतो आणि आपल्या पायांनी घरात जातो. मला हे फार आवडलं. गिरणीतली निम्मी माणसं अशीच नोकरीला लागली होती.

सासऱ्यांचं घर सगळ्यांत पुढे आहे, ओढ्याच्या अगदी काठावर. ओढा म्हणजे समुद्राच्या तळातच पडलेली खोल चर. तिथे पाणी एकदम काळं होतं. घराच्या मधोमध चार खांबांवर माची बांधलेली आहे, मासळीचे पिंजरे टांगायला आणि टेकायला.

शेजारचं कुंपण बशीरचं. चाळिशीचा, गोल पोटाचा, तोंडाचा पट्टा चालूच. मला म्हणाला, कारकूनसाहेब, झावळी अशी धरलीत तर मासे हसून मरतील, पिंजरे लावायला नकोत. मी म्हटलं, मग तर तुमचंच काम वाचलं. तेव्हापासून आमचं जमलं. त्यानेच इथला नियम सांगितला: जमिनीवरच्या घरात हाक मारून कुणीही शिरावं, पाण्यातल्या घरात मालकाशिवाय कुणी पाऊल टाकत नाही. सख्खा भाऊसुद्धा नाही. तुझ्या सासऱ्याच्या घरात काय आहे ते मी वीस वर्षांत पाहिलेलं नाही, म्हणाला.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

पहिली मासळी. बोय मासे, चांगले हातभर लांब, पोटात अंड्यांची गाभोळी भरलेली. मी लहान मुलासारखा नाचलो असेन.

एक गंमत पाहिली. पिंजरे रिकामे झाल्यावर सासऱ्यांनी झावळीचा दांडा घेऊन पाण्यावर नऊ ठोके मारले. सावकाश, मधे श्वास घेत. मग घराच्या ओढ्याकडच्या तोंडातून चांगल्यातले चांगले बोय एकेक करून बाहेर सोडले. मी विचारलं हे काय, तर म्हणाले, वाटा. असेल प्रथा. लोक समुद्राला काही ना काही देतातच. देताना त्यांचे हात थरथरत नाहीत, हे मात्र नवल वाटलं.

मी एक घोळ घातला. सासूबाईंनी निघताना फडक्यात बांधून गाठोडं दिलं होतं. जवाची भाकरी आणि वाळवलेल्या मासळीची मनुका घातलेली चटणी. भूक लागली, मी माचीवर बसून ते संपवलं. सासऱ्यांनी मोकळं फडकं पाहिलं आणि घडी करून खिशात ठेवलं. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, त्याने खाल्लं का? सासरे म्हणाले, जावयाने खाल्लं. त्या उठून आत गेल्या त्या जेवायलाही बाहेर आल्या नाहीत. मी सलूहाला विचारलं, एवढं काय झालं, एक भाकरी तर होती. ती म्हणाली, ती तुझी नव्हती, तुझी वेगळी असते. कुणाची ते सांगितलं नाही.

२ ऑक्टोबर, बुधवार

मी गप्प बसणारा माणूस नाही, पण घरजावयाला गप्प बसणं आधी शिकावं लागतं. आज अकरा बोय मिळाले, त्यांतले नऊ ओढ्यात गेले. काल दहातले आठ. याला वाटा म्हणत नाहीत, याला पोसणं म्हणतात.

परतताना सासऱ्यांना मी शक्य तेवढ्या नरमाईने म्हणालो की बाबा, घरात गरोदर बाई आहे, तिलाही एखादा धड मासा मिळू द्या. ते थांबले. पाणी मांडीपर्यंत होतं. म्हणाले, तू आल्यामुळे मला रोज येता येतं, त्याबद्दल मी तुझा आभारी आहे, पण कुणी किती खायचं हे या घरात तू ठरवायचं नाही. आवाज चढवला नाही. आवाज न चढवणाऱ्या माणसांशी मला भांडता येत नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

पाहिला.

नीट, क्रमाने लिहितो. सकाळचे दहा, स्वच्छ ऊन, वारा नाही. नऊ ठोके झाले. घरात राहिलेले मासे उड्या मारत होते ते एकदम थांबले आणि सगळे एका बाजूला झावळ्यांना चिकटले. मग ओढ्याकडच्या तोंडाबाहेर तळाची वाळू सरकल्यासारखी वाटली. ती वाळू नव्हती. वरून पाठ वाळूच्याच रंगाची, वळला तेव्हा पोट पांढरं फटक. लांबी किनाऱ्यावर पडून असलेल्या आमच्या होडीपेक्षा हातभर कमी. शार्क. इथले लोक दर्याचा कुत्रा म्हणतात, तोच, पण एवढा कुणी सांगितला नव्हता.

सासऱ्यांनी बोय सोडला. त्याने तो तोंडात घेऊन अर्धा केला आणि टाकून दिला. मागे गेला, थांबला. मग खालून वर येऊन दोन्ही तुकडे उचलले. उचलताना डोळा आत फिरला आणि त्या जागी नुसतं पांढरं राहिलं. सासरे कमरेएवढ्या पाण्यात, त्याच्यापासून दोन हातांवर, भिंतीला धरून उभे होते आणि बोलत होते. अंजिराचं झाड यंदा तोडावं लागलं. सलूहा आलीय. तिला पाचवा लागेल आता.

मी माचीवर होतो. माझी विजार ओली झाली, आणि ती समुद्राच्या पाण्याने नव्हे.

परतताना ते स्वतःहून बोलले, इतके की महिन्याचं बोलून घेतलं. तो आधी चाखतो. एकदा चावून सोडतो आणि लांब जाऊन वाट पाहतो. धरलेलं सावज रक्त सांडून गप्प झालं की सावकाश येऊन खातो. घाई नसते त्याला. हाडकुळं आवडत नाही, चरबी आवडते. कासव कवचासकट खातो. येतो नेहमी खालून. एकदा जिथे, ज्या आवाजाला खायला मिळालं ती जागा आणि तो आवाज विसरत नाही. गाभोळीचा बोय म्हणजे त्याचा जीव, अगदी पाळण्यात होता तेव्हापासून.

किनाऱ्याला लागेपर्यंत मला वाटत होतं ते माशाबद्दल बोलतायत.

६ ऑक्टोबर, रविवार

सलूहाला माहीत होतं. लग्नाच्या आधीपासून माहीत होतं.

तिने शांतपणे सांगितलं. तिजानी कुंपणात एकटा गेला होता. दुपारी बाबा शोधायला गेले तर घरात हा मासा फिरत होता आणि पाण्यावर तिजानीची टोपी होती. बाकी काहीच नाही. गावाने सात दिवस शोधलं. ईदला सगळे कबरस्तानात जातात, तिने विचारलं, आम्ही कुठे जायचं रे? आठव्या दिवशी बाबांनी पहिला बोय सोडला. त्याला मारलं तर तिजानी दुसऱ्यांदा जाईल, असं आई म्हणते.

मला त्यांची दया आली. खरंच आली. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, आपण बाळंतपणाआधी स्फाक्सला जाऊ. तिने या वेळी मान डोलावली नाही. म्हणाली, मूल इथेच होणार. चाळीस दिवस झाले की बाबा त्याला कुंपणात घेऊन जाणार आहेत, मामाला दाखवायला. पाण्यात धरून. आम्ही सगळेच जाऊ.

असं म्हणाली आणि माझ्या सदऱ्याचं बटण शिवायला घेतलं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

बाबांना ताप. मी एकटाच गेलो. ठोके मारले नाहीत, वाटा टाकला नाही, सगळी मासळी घरी आणली. दोन टोपल्या भरून. उपाशी राहिला की जाईल दुसरीकडे. समुद्र काय लहान आहे? सासूबाईंनी टोपल्यांकडे पाहून चूल पेटवलीच नाही. मी स्वतः बोय भाजला. एकट्यानेच खाल्ला.

१० ऑक्टोबर, गुरुवार

आज तिसरा दिवस. मासळी चांगली. पण पिंजरे काढत असताना पायाच्या भिंतीतली अगदी किनाऱ्याकडची झावळी हलली. मग तिच्या शेजारची. मग पुढची. एकेक करून, क्रमाने, किनाऱ्याकडून माझ्याकडे. कुणीतरी बाहेरून अंग घासत यावं तसं. घराच्या तोंडापाशी येऊन थांबलं. मी माचीवर अडीच तास बसून राहिलो. मग बशीर त्याच्या कुंपणातून ओरडला, कारकूनसाहेब, अंडी घालताय का? तेव्हा उतरलो.

त्याला सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण घरातली गोष्ट बाहेर सांगितली तर सलूहा माझ्यापासून कायमची तुटेल, असं वाटलं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

बशीर गेला.

जुम्म्याची नमाज झाल्यावर त्याने हाकारा घालायला माणसं गोळा केली. बोयांचा थवा दिसला की असं करतात: आठ-दहा जणांनी गोल धरायचा, बाहेरून लव्हाळ्याच्या तरंगत्या चटया लावायच्या आणि झावळीच्या दांड्यांनी पाणी झोडपायचं. घाबरून बोय उड्या मारतात आणि चटयांवर पडतात. मला म्हणाला, चला साहेब, आज तुम्हाला माणसात आणतो. मी गेलो.

सगळ्यांनी झोडपायला सुरुवात केली. मीही. पाच-सहा ठोके पडले आणि माझ्या लक्षात आलं की हे आपण काय करतोय. ओढा साठ पावलांवर. तीन दिवसांचा उपाशी. मला ओरडायला हवं होतं. मी झोडपत राहिलो. थांबलो असतो तर हसले असते, घरजावई पाण्याला भ्याला म्हणाले असते. एवढंच कारण. दुसरं काही नाही.

बशीर एकदम खाली बसला. उठला, चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य. म्हणाला, दगड लागला वाटतं. मग पाणी लाल झालं.

मासा त्याची मांडी चावून, सोडून मागे गेला होता. आम्ही सहा जणांनी बशीरला चटईवर घेतलं आणि किनाऱ्याकडे निघालो. मला माहीत होतं तो वाट पाहतोय. एकट्या मलाच माहीत होतं. बशीर बोलत होता, पिंजरे काढून ठेवा म्हणत होता, मग बोलायचा थांबला. तेव्हा तो आला. सावकाश. सहा जणांच्या हातांतून घेऊन गेला.

१२ ऑक्टोबर, शनिवार

जे राहिलं ते दफन केलं. चटईतच गुंडाळून.

मुख्य गावातून दोन अंमलदार आले, चार ओळी लिहून घेऊन गेले. गावातले लोक गळ आणि मेलेलं गाढव घेऊन होड्यांतून निघाले. बाबा तापातून उठून त्यांच्यात जाऊन बसले आणि सांगत राहिले, उत्तरेला बघा, असला मासा उत्तरेला जातो. लोकांनी ऐकलं. वडीलधारा माणूस, पोरगा गमावलेला.

गल्लीत मला गाठून हळूच म्हणाले, तू त्याला उपाशी ठेवलंस. बशीरचा हिशेब तुझ्याकडे.

 

१४ ऑक्टोबर, सोमवार

आज बशीरची बायको जमीला आमच्याकडे आली. सासूबाई तिला आत घेऊन बसल्या, दार लावलं. तासाभराने बाहेर आली तेव्हा तिचं रडणं थांबलं होतं. मला ते रडण्यापेक्षा भयंकर वाटलं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

आज दोन गाठोडी. एक आमच्या घरचं, एक जमीलाचं. तिने आत भरली मिरची घातली होती. बशीरला आवडायची.

बाबा मला सोबत नेतात. पोत्यासारखा जातो. नऊ ठोके. गाठोडी सोडली. त्याने फडक्यासकट गिळली.

बाबा त्याच्याशी बोलताना आता दोन नावं घेतात.

१६ ऑक्टोबर, बुधवार

त्याने आज डोकं पाण्याबाहेर काढलं. उभं. खांद्यापर्यंत म्हणावं तर त्याला खांदे नाहीत. माचीकडे पाहत होता. माझ्याकडे. मी खूप वेळ— घड्याळ पाहिलं नाही.

सासूबाई चुलीपाशी बसून सहज म्हणाल्या, इतर गावांतल्या बाया कमनशिबी, नवरा समुद्रात गेला की गेला. आमच्या घरच्या बाईचा माणूस हरवत नाही. सलूहा ऐकत होती. ती हसली. माझ्याकडे पाहून, मायेने.

वही आता घरात ठेवत नाही. बिस्किटाच्या डब्यात, कमरेला.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

बाबांची उजवी बाजू गेली. जीभ वळत नाही. पडल्या पडल्या डाव्या हाताने खाटेच्या फळीवर ठोके मारतात. नऊ. थांबतात. पुन्हा नऊ.

सासूबाईंनी सलूहाकडे पाहिलं. सलूहा म्हणाली, मी जाईन, मला तो काही करणार नाही, बहीण आहे मी त्याची.

मी पाया पडलो तिच्या. खरंच पडलो. म्हटलं, पोटात आपलं मूल आहे, मी काहीतरी करेपर्यंत पाण्यात पाऊल टाकू नकोस. तिने मला उठवलं. मग मान डोलावली.

१९ ऑक्टोबर, शनिवार

स्फाक्सला चल म्हटलं. नाही म्हणाली. ओढत नेईन म्हटलं. म्हणाली, ने. मी परत येईन. मूल घेऊन येईन.

ती येईल. मला ओळख आहे तिची.

म्हणजे तो असेपर्यंत सुटका नाही. तो मेला पाहिजे. सगळ्यांना दिसेल असा, वाळूवर.

२० ऑक्टोबर, रविवार

सोपं आहे. मासे जसे धरतात तसंच. उद्या अमावास्या, परवा महिन्यातली सगळ्यांत मोठी ओहोटी, सकाळी दहाला. त्या वेळी घरात पाणी गुडघ्याएवढंच राहतं, मी खूण करून ठेवलीय. त्याला घरात बोलवायचं, तोंड बंद करायचं, पाणी निघून जाऊ द्यायचं. स्वतःच्या वजनाने मरेल.

झावळ्यांची ताटी विणून बाहेरच्या बाजूने तोंडावर दोन गाठींनी टांगली. दोर माचीपर्यंत आणला. वरून सोडला की ताटी पडते, तोंड बंद. तीनदा करून पाहिलं.

घरी सांगितलं की परवा पहाटेच्या लाँचने स्फाक्सला जातो, खोली बघायला.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी ८.१०. माचीवर आहे. नऊ ठोके. सहा बोय, मेंढीची आतडी. आला. पूर्ण आत आला. दोर सोडला. ताटी नीट पडली.  आता दहापर्यंत थांबायचं.

८.४०. गोल फिरतोय. झावळ्यांना तोंड लावत नाही. बाबा म्हणाले होते भिंतीला लावत नाही. खरं आहे.

९.३०. पाणी उतरलेलं दिसत नाही. खांबावरची खूण कालच्या— थोडं थांबतो.

१०.०५. पाणी छातीएवढं. एक बोटही उतरलं नाही. वारा. कालपासून समुद्राकडून गावाकडे वारा आहे, पाणी आत दाबून धरलंय. ओहोटी येणारच नाही. इथल्या शेंबड्या पोराला हे कळलं असतं. मी दिनदर्शिका पाहिली. वारा पाहिला नाही.

मी मधोमध. चारी बाजूंना भिंत, आठ-आठ हातांवर. तोंड मीच बंद केलंय.

१०.३०. खांबाला अंग घासलं. माची हलते.

१०.५०. पुन्हा. एक खांब ढिला.

पण तो आत आहे. संध्याकाळी वारा पडेल, रात्रीची ओहोटी येईल. तोवर धरून बसायचं. तो आत आहे तोवर कुणाला काही होत नाही. हे चांगलं आहे. हे मी चांगलं केलं.

११.२०. कुणीतरी येतंय. पायाच्या भिंतीला धरून. बाई.

सलूहा.

डोक्यावर दोन गाठोडी. पाणी तिच्या कमरेला. हातात दांडा. मी लाँचने गेलो असं समजून—

ओरडलो. वारा माझ्याकडून तिच्याकडे आहे, तिला ऐकू जातंय. थांबली. मला पाहिलं. मी हात हलवले, मागे जा, तो आत आहे, मागे जा. सगळं ऐकलं तिने. समजलं तिला. तो आत आहे, मी त्याला कोंडलंय, हेच समजलं.

भराभर येतेय. भिंतीला धरून. ताटीकडे.

११.२६. तिथून नऊ ठोके मारले तिने. त्याने तोंड वळवलं. ताटीपाशी गेला, थांबला. तिच्यात आणि त्याच्यात दोन बोटं झावळी. ती वाकून ताटीची गाठ सोडतेय. त्याच्याशी बोलतेय. ओठ दिसतात. हसतेय.

मी माचीवरून झोडपलं. ऐकत नाही. तिचे ठोके जवळचे. वरून पुरत नाही, पाण्यात उतरून, लांबच्या भिंतीशी जाऊन—

पहिली गाठ सुटली.

वही डब्यात घालून खांबाला बांधतो. ज्याला सापडेल त्याने सलूहाला देऊ नये. मुलाला द्यावी, वाचता येईल तेव्हा. त्याला सांगा, बाप माणूस होता, कारकून होता, स्फाक्समध्ये नव्हे, इथे मेला, आणि मेला म्हणजे संपला. त्याला या पाण्यात आणू नका. माझ्या नावाने भाकरी बांधून देऊ नका. मी त्या माशात नाही. कुणी काहीही सांगो बाळा, मी त्यात ना